सीटमागची टाकी: जुन्या पिकअपमधलं पेट्रोल नेमकं कुठे ठेवायचं?

माझ्या मावसभावाने ओहायोत 1970 सालचा शेवरोले सी-10 पिकअप घेतला. मावशी सांगलीहून तिकडे गेली, हौसेने त्याच्या शेजारी बसली आणि पहिल्याच वळणावर म्हणाली, "अरे, पेट्रोल सांडलंय का रे कुठे? डोकं भणाणलं माझं." सांडलं कुठेच नव्हतं. पेट्रोल तिच्या पाठीमागे होतं. त्या पिकअपची 75 लिटरची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच उभी असते. माणसाची पाठ आणि पेट्रोल यांच्या मध्ये सीटची गादी आणि टाकीचा पत्रा, एवढंच.

आजच्या गाड्यांमध्ये वाढलेल्या कुणालाही हे ऐकून धक्का बसतो. अमेरिकेत मात्र जुन्या पिकअपच्या विक्रीच्या जाहिरातीत "टाकी मागे हलवली आहे" हे वाक्य रंगकामाच्या बरोबरीने मिरवलं जातं. टाकी हलवण्याचे तयार संच मिळतात. मावसभावाचा पहिला विचार असा होता की शनिवार-रविवारात चार बोल्ट काढायचे आणि चार लावायचे. पण टाकी म्हणजे नुसतं भांडं नव्हे. तिला श्वास घ्यावा लागतो, तिच्यातून कुणीतरी पेट्रोल ओढत असतं, किती उरलंय ते तिला सांगावं लागतं आणि तिला अर्थिंगही लागतं. जागा बदलली की या चारही गोष्टी नव्याने जुळवाव्या लागतात. आमचं फोनवर जे लांबलचक बोलणं झालं, ते इथे नीट मांडतोय.

## मुळात टाकी केबिनमध्ये ठेवलीच कशाला?

निष्काळजीपणा हे त्याचं कारण नव्हतं. सुरुवातीच्या मोटारींना पेट्रोलचा पंपच नसायचा. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल उतारावरच्या पाण्यासारखं आपोआप कार्ब्युरेटरकडे, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे, यायचं. टाकीत थोडंच पेट्रोल असताना उभा चढ आला, की इंजिन टाकीपेक्षा वर जाई आणि गाडी बंद पडे. मग लोक गाडी फिरवून उलट्या गिअरमध्ये चढ चढत. टाकी उंच आणि इंजिनाजवळ हवी, ही सवय तिथली. आपल्याकडच्या जुन्या लोकांना जीप आठवेल. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती आणि गादी उचलून पेट्रोल भरावं लागे.

पुढे पंप आले, तरी पिकअपमध्ये टाकी केबिनमध्येच राहिली. पिकअपचा मागचा भाग म्हणजे हौदा, तो मालासाठी. हौद्याखाली स्टेपनी, सायलेन्सर आणि अॅक्सलची, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याची, वरखाली होणारी हालचाल. सीटमागे मात्र मोकळी पोकळी होती. तिथे टाकी दगड-चिखलापासून लांब राहते, आणि कारखान्यात केबिन जोडतानाच ती बसवून टाकता येते. फोर्ड आणि डॉज यांच्या पिकअपमध्येही बरीच वर्षं हीच पद्धत होती. शेवरोलेत 1972 च्या मॉडेलपर्यंत टाकी सीटमागे आहे, 1973 च्या नव्या रचनेत ती बाहेर गेली.

## "पन्नास वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच का हलवायची?"

हा आक्षेप मला पटतो, म्हणून आधी त्याची बाजू मांडतो. धडकेच्या दृष्टीने ही जागा वाटते तितकी वाईट नाही. मागच्या बंपरपासून टाकी बरीच लांब असते, तिच्याभोवती केबिनची चौकट असते, खाली चॅसी, म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा असतो. मागून कुणी ठोकलं तर आधी अख्खा हौदा चुरगळावा लागतो.

खरा प्रश्न गळतीचा आहे, आणि त्याचं वय वाढतंय. टाकीचा पत्रा पन्नास वर्षांचा, भरण्याच्या नळीचा रबरी जोड तेवढाच जुना किंवा कधीतरी अंदाजाने बदललेला. टाकीत मोजमापाचा जो भाग बसतो त्याच्याभोवतीचं सील सुकलेलं. बाहेरच्या टाकीचं सील झिरपलं तर थेंब रस्त्यावर पडतो आणि वाफ वाऱ्यावर जाते. केबिनमधल्या टाकीची वाफ तुमच्याबरोबर प्रवास करते. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असल्यामुळे ती वर न जाता पायाशी साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरे. आणि वाफ व्हायला पेट्रोलला उन्हाळा लागत नाही. उणे 40 अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ त्यातून निघते. म्हणून ओहायोच्या बर्फातही मावशीला वास आलाच असता.

यात इथेनॉलची भर पडते. अमेरिकेत बहुतेक पंपांवर 10 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असतं, भारतात 2025 पर्यंत हे प्रमाण 20 टक्क्यांवर आलं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, जुन्या टाकीच्या तळाशी बसलेला चिकट थर सोडवतं आणि 1970 च्या काळातल्या रबराला फुगवून मऊ करतं. त्या काळच्या रबरात दोष नव्हता, ते वेगळ्या पेट्रोलासाठी बनलेलं होतं. त्यामुळे "इतकी वर्षं चाललं" हा पुरावा आजच्या पेट्रोलाला लागू पडत नाही.

तरीही गाडी पूर्ण मूळ रूपात असेल, तर टाकी न हलवता सगळी सील, रबरी नळ्या आणि झाकण बदलणं हाही सन्मान्य मार्ग आहे. मावसभावाला मी आधी हेच सुचवलं होतं. त्याला मात्र सीट मागे सरकवून पाय लांब करायला जागाही हवी होती. सहा फूट उंचीच्या माणसाचे गुडघे त्या केबिनमध्ये डॅशबोर्डला लागतात, ते मी पाहिलं आहे.

## बाहेर काढली म्हणजे आपोआप सुरक्षित झाली का?

नाही, आणि याचा सगळ्यात कडू धडा खुद्द शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने दिला. 1973 च्या नव्या पिकअपमध्ये त्यांनी टाकी केबिनमधून काढली आणि चॅसीच्या लांब दांड्याच्या बाहेरच्या अंगाला लटकवली. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी टाकावी तशी. गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंना एकेक टाकी घेता येई, म्हणजे मिळून 40 गॅलनपर्यंत, साधारण 150 लिटर. लांब पल्ल्याच्या शेतकऱ्याला ते हवंच होतं. पण आता टाकी आणि बाजूने येणारी गाडी यांच्या मध्ये फक्त बॉडीचा पत्रा उरला.

बाजूच्या धडकेत टाक्या फुटून लागलेल्या आगींचे खटले वर्षानुवर्षं चालले. नोव्हेंबर 1992 मध्ये एनबीसी वाहिनीने या पिकअपना धडकेत आग लागताना दाखवलं. त्या चाचणीत आग नक्की लागावी म्हणून पेटवणारी साधनं लावली होती, हे नंतर उघड झालं आणि फेब्रुवारी 1993 मध्ये वाहिनीने जाहीर माफी मागितली. दाखवलेली चाचणी खोटी ठरली म्हणून मूळ दोष खोटा ठरत नाही, पण चर्चेत या दोन गोष्टींची कायमची गल्लत झाली. ऑक्टोबर 1994 मध्ये अमेरिकेचे परिवहन मंत्री फेडेरिको पेन्या यांनी या रचनेत सुरक्षिततेचा दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला. डिसेंबरमध्ये तडजोड झाली. कंपनीने सुरक्षिततेच्या कामांसाठी पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायची ठरली, गाड्या मात्र परत बोलावल्या गेल्या नाहीत. त्याआधीच, 1988 च्या नव्या पिकअपमध्ये कंपनीने टाकी चॅसीच्या दोन दांड्यांच्या आत घेतली होती.

जुन्या गाडीची टाकी हलवणाऱ्याने यातून एवढंच घ्यावं: टाकी चॅसीच्या दोन दांड्यांच्या मध्येच हवी, दांड्याच्या बाहेर नको आणि हौद्यात उघडी तर नकोच. हौद्यात ठेवलेली शर्यतीच्या गाडीची टाकी फोटोत झकास दिसते. तिच्या आत भरलेला स्पंज मात्र इथेनॉलमुळे कालांतराने भुगा होऊन फिल्टरमध्ये येतो, शिवाय घट्ट न बांधलेला माल एका ब्रेकमध्ये तिच्यावर येऊन आदळू शकतो.

## मागच्या बाजूला नेली आणि मागून कुणी धडकलं तर?

सी-10 साठी सगळ्यात रूढ जागा म्हणजे मागच्या अॅक्सलच्या पाठीमागे, दोन दांड्यांच्या मध्ये, जिथे एरवी स्टेपनी टांगलेली असते. शेवरोलेच्याच नंतरच्या ब्लेझर गाडीची टाकी याच जागी असे, म्हणून ती किंवा तिच्या आकाराची नवी टाकी इथे बसवतात. मूळ ब्लेझरची टाकी 25 किंवा 31 गॅलनची, म्हणजे मोठी घेतली तर 117 लिटर.

इथे कुणीही जाणता माणूस पिंटोचं नाव काढेल, आणि काढायलाच हवं. फोर्डच्या पिंटो या छोट्या मोटारीत टाकी मागचा बंपर आणि अॅक्सल यांच्या मधल्या अरुंद जागेत होती. मागून धडक बसली की ती पुढे ढकलली जाऊन अॅक्सलवरच्या बोल्टांच्या टोकांवर आदळे आणि भरण्याची नळी टाकीतून उपटून निघे. 1978 मध्ये फोर्डने पिंटो आणि तिची जुळी बॉबकॅट अशा सुमारे 15 लाख गाड्या परत बोलावल्या. दुरुस्तीत टाकी आणि अॅक्सल यांच्या मध्ये प्लास्टिकची ढाल बसवली आणि भरण्याची नळी लांब केली, म्हणजे धडकेत ती सहज निसटू नये.

ही दुरुस्ती पाठ करून ठेवण्यासारखी आहे. टाकीच्या आसपास कुठलंही टोक नको: वाढीव बोल्ट नको, कापलेल्या पट्टीची धार नको. भरण्याची नळी ताणून बसवलेली नको, तिला थोडी ढील हवी. टाकी आणि बंपर यांच्या मध्ये चॅसीची आडवी पट्टी शाबूत हवी. टाकी बसत नाही म्हणून ती पट्टी कापणारे लोक आहेत. पिकअपची एक जमेची बाजू अशी की तिची चॅसी जाड, शिडीसारखी आणि मागच्या बंपरपर्यंत गेलेली असते. पिंटोकडे ते नव्हतं.

शक्य असेल तर मी अॅक्सलच्या पुढची जागा पसंत करतो. तिथे टाकी गाडीच्या पोटात राहते. पण सी-10 मध्ये 1960 पासून बहुतेक गाड्यांना मागे कॉइल स्प्रिंग आणि अॅक्सल धरून ठेवणारे, गाडीच्या लांबीने जाणारे लांब हात आहेत. मागच्या चाकांना ताकद देणारा प्रोपेलर शाफ्ट आणि सायलेन्सरही तिथूनच जातात. मग टाकी अरुंद आणि लहान होते. मावसभावाने शेवटी मागचीच जागा घेतली, आणि चॅसी न कापता घेतली, म्हणून मी वाद घातला नाही.

वजनाचा हिशोबही करायला हवा. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो. मोठी ब्लेझर टाकी भरली तर जवळजवळ 88 किलो, एक धडधाकट माणूस हौद्याच्या टोकाला बसवावा तसं. रिकामा पिकअप पुढे जड आणि मागे हलका असतो, ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरतात, तेव्हा हे वजन मदतीलाच येतं. फक्त गाडी खाली बसवलेली असेल, म्हणजे स्प्रिंग कापून जमिनीजवळ आणलेली असेल, तर खड्ड्यात अॅक्सल वर उसळून टाकीला लागणार नाही ना, हे गाडी पूर्ण दाबून आधी तपासायचं.

## तेलाच्या डब्याची दोन भोकं

आता श्वासाची गोष्ट. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला आई एका कोपऱ्यात भोक पाडून थांबत नसे, समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडायची. एकाच भोकातून तेल भडभड, थांबून थांबून येतं. दुसऱ्यातून हवा आत गेली की धार सरळ लागते. पेट्रोलच्या टाकीला हेच दुसरं भोक लागतं, त्याला व्हेंट म्हणतात. इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा त्याच्या जागी हवा आत यायला हवी. नाही आली तर पोकळी तयार होते, पेट्रोल येणं थांबतं, आणि पत्रा पातळ असला तर टाकी आत चेपलीही जाते.

जुन्या गाड्यांचा व्हेंट झाकणातच असे, झाकणाला बारीक भोक. अमेरिकेत पेट्रोलची वाफ हवेत सोडायला 1970 मध्ये कॅलिफोर्नियात आणि 1971 मध्ये देशभर मनाई झाली. तेव्हापासून झाकणं बिनभोकाची, बंद झाली आणि वाफ कोळशाच्या डबीत साठवून इंजिनाकडे जाळायला पाठवू लागले. म्हणजे दुकानात दोन्ही जातींची झाकणं मिळतात आणि ती दिसायला सारखी असतात. बंद झाकण आणि व्हेंट नसलेली टाकी ही जोडी जमली, की गाडी अर्धा तास चालून बंद पडते. झाकण काढल्यावर "सूं" आवाज होतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. कित्येकांनी यावर पंप बदलले आहेत, कार्ब्युरेटर उघडले आहेत. दोष झाकणाचा असतो.

नव्या जागेत व्हेंट टाकीच्या सगळ्यात उंच भागावर हवा, त्याची नळी भरण्याच्या तोंडाइतकी तरी उंच न्यायला हवी, आणि गाडी उलटली तर आपोआप बंद होणारा छोटा व्हॉल्व्ह त्यात हवा. हा व्हॉल्व्ह अगदी थोडक्या डॉलरांत मिळतो. तो न बसवणाऱ्या माणसाला मी काम नीट येतं असं म्हणणार नाही.

पंपावर भरताना नोझल सारखं "टक" करून बंद पडतं, ही टाकी हलवलेल्यांची नेहमीची तक्रार, आणि तिचंही मूळ इथेच आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. त्या छिद्राशी पेट्रोल किंवा फेस आला की नोझल समजतं, टाकी भरली. टाकीतली हवा बाहेर पडायला वाट नसेल, किंवा भरण्याची नळी जवळजवळ आडवी असेल, तर फेस परत वर येतो. नळीला सलग उतार हवा आणि हवेची वेगळी नळी जाडसर हवी. बरेच जण भरण्याचं तोंड हौद्याच्या लाकडी फळ्यांमध्ये काढतात, त्यामुळे बाहेरून बॉडी कापावी लागत नाही. मग ते तोंड फळीपेक्षा थोडं उंच ठेवायचं आणि वर घट्ट झडप बसवायची, नाहीतर पावसाचं पाणी आणि हौद्यातली माती थेट पेट्रोलात.

## पंप: विहिरीवरचा की विहिरीतला?

शेतकऱ्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. विहिरीच्या काठावरची मोटर पाणी ओढते आणि विहिरीतली सबमर्सिबल पाणी ढकलते. ओढणाऱ्या मोटरच्या पाइपात कुठे हवा शिरली की मोटर हवा धरते आणि पाणी येत नाही. ढकलणारीला ही भीती फार कमी.

जुन्या पिकअपचा पंप इंजिनावर बसवलेला, ओढणारा. टाकी सीटमागे उंच आणि जवळ असल्यामुळे त्याचं काम सोपं होतं. तीच टाकी खाली आणि तीन मीटर मागे गेली, की त्याला लांबून आणि खालून ओढावं लागतं. ओढताना नळीतला दाब कमी होतो, कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं, आणि नळी सायलेन्सरजवळून गेली असेल तर उन्हाळ्यात तिच्यात वाफेचा बुडबुडा अडकतो. पंप बुडबुडा ओढत बसतो आणि गाडी सिग्नलवर बंद. बऱ्याच गाड्या मागे टाकी ठेवून ओढणाऱ्या पंपावर वर्षानुवर्षं चालल्या आहेत, तेव्हा हे अशक्य नाही. फक्त नळी धातूची, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने आणि प्रत्येक जोडाला हवाबंद हवी. साधी तांब्याची नळी थरथरून कडक होते आणि तडकते. पोलाद किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूची घ्यावी.

जुनं इंजिन काढून नवं, संगणकावर चालणारं, कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शनचं इंजिन बसवायचं असेल तर चित्रच बदलतं. कार्ब्युरेटरला 5 ते 7 पीएसआय (दाबाचं माप) दाब पुरतो. शेवरोलेच्या एलएस जातीच्या इंजिनाला साधारण 58 लागतो. इतका दाब देणारा पंप टाकीच्या आतच, पेट्रोलात बुडवून ठेवणं उत्तम. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. इथे दोन चुका सारख्या दिसतात. पहिली म्हणजे कमी दाबाची रबरी नळी वापरणं: कार्ब्युरेटरला चालणाऱ्या नळीवर 30आर7 लिहिलेलं असतं, इंजेक्शनच्या दाबाला 30आर9 लागते, आणि टाकीच्या आत बुडून राहणारी नळी आणखी वेगळी, 30आर10. बाहेर वापरायची नळी आत बुडवली तर ती बाहेरच्या अंगाने गळून जाते. दुसरी चूक म्हणजे धडकेत वीज तोडणारा स्विच न बसवणं. इंजिनावरचा जुना पंप इंजिन थांबलं की थांबे. विजेचा पंप फुटलेल्या नळीतूनही पेट्रोल फवारत राहू शकतो.

## काटा उलटा का फिरतो?

टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याच्या दांड्याबरोबर विजेला होणारा अडथळा बदलतो, आणि डॅशबोर्डवरचा काटा तो अडथळा वाचतो. या अडथळ्याचं माप ओहम. शेवरोलेने 1965 च्या सुमारापासून रिकामी म्हणजे 0 आणि भरलेली म्हणजे 90 ओहम असं ठरवलं. त्या काळच्या फोर्डमध्ये नेमकं उलट: रिकामी साधारण 73, भरलेली 10 च्या आसपास. फोर्डच्याच जुन्या मस्टँग मोटारीची टाकी आटोपशीर असल्यामुळे लोक ती आनंदाने शेवरोलेत बसवतात, आणि मग भरलेली टाकी "रिकामी" दिसते, रिकामी होत आली की काटा वर चढतो. उपाय सोपा आहे: काट्याला जुळणारा गोळा घ्यायचा.

अर्थिंगची चूक यापेक्षा फसवी आहे. जुनी टाकी केबिनच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली, अर्थिंग आपोआप मिळत होतं. नवी टाकी रबरी पट्ट्यांवर टांगलेली, रबरी नळ्यांनी जोडलेली, म्हणजे विजेच्या दृष्टीने हवेत तरंगणारी. अर्थिंग कच्चं झालं की शेवरोलेचा काटा भरलेल्याकडे झुकतो आणि माणूस निर्धास्तपणे रिकाम्या रस्त्यावर जाऊन अडकतो. शिवाय पेट्रोल भरताना तयार होणाऱ्या स्थिर विजेलाही जमिनीकडे जायला वाट हवी. टाकीपासून चॅसीपर्यंत आणि भरण्याच्या धातूच्या तोंडापासून चॅसीपर्यंत एकेक तार, रंग खरवडून, घट्ट. याच कारणाने हौद्यात प्लास्टिकचं अस्तर असेल तर पेट्रोलचा कॅन तिथेच ठेवून भरू नये, तो खाली जमिनीवर उतरवून भरावा.

## जुनी ठेवून दुसरी वाढवली तर?

लांबचा प्रवास करणाऱ्याला हा मोह होतो. दोन टाक्यांच्या मध्ये बदल करणारा व्हॉल्व्ह लागतो. कार्ब्युरेटर असेल तर एवढं पुरतं. इंजेक्शनच्या इंजिनाकडून मात्र न वापरलेलं पेट्रोल टाकीत परत येतं. व्हॉल्व्हने जाणारी नळी दुसऱ्या टाकीवर वळवली आणि परतीची पहिलीवरच राहिली, तर एक टाकी रिकामी होत असताना दुसरी भरत जाते आणि शेवटी झाकणातून वाहते. सहा तोंडांचा व्हॉल्व्ह जाणारी आणि परतीची दोन्ही एकदम फिरवतो. काट्याची तारही त्याच बटणावर घ्यायची. माझं मत विचाराल तर केबिनमधली जुनी टाकी ठेवून दुसरी जोडण्यात काही अर्थ नाही, कारण ज्या वासापासून सुटायचं तो तिथेच राहतो.

## कायदा काय म्हणतो, आणि गाडीचं मोल?

अमेरिकेत धडकेनंतर किती पेट्रोल सांडलं तर चालेल याचा नियम, मानक क्रमांक 301, 1968 पासून मोटारींना आणि 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात हलक्या ट्रकांना लागू झाला. तो नवी गाडी बनवणाऱ्यासाठी आहे, 1970 च्या पिकअपला मागे जाऊन लागू होत नाही. राज्याची तपासणी आणि विमा कंपनी यांना मात्र बदल कळवलेला बरा.

भारतात अशी गाडी असेल तर गणित वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला "व्हीए" मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो, पण ती मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नसावा ही अट आहे. पुण्या-मुंबईच्या हौशी मालकाने टाकीला हात लावण्याआधी आरटीओत विचारावं. त्याच्यासाठी सील आणि नळ्या नव्या करण्याचा मार्गच बहुधा बरोबर.

मोलाचं म्हणाल तर बॉडी न कापलेला बदल परत फिरवता येतो. सी-10 च्या केबिनच्या डाव्या अंगाला पेट्रोल भरायचं जुनं झाकण असतं. काही जण तिथे पत्रा वेल्ड करून गुळगुळीत करतात. मावसभावाने झाकण तसंच ठेवलं, आतून बंद केलं, आणि जुनी टाकी धुऊन माळ्यावर ठेवली.

## काम करताना

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी असते. भरलेल्या टाकीत पेटायला हवाच नसते. नुकत्या रिकाम्या केलेल्या टाकीत वाफ आणि हवा यांचं तयार मिश्रण असतं, आणि ते कित्येक दिवस राहतं. अशा टाकीवर वेल्डिंग, ग्राइंडर, साधा ड्रिलसुद्धा नको. केबिनच्या झाकणाजवळ वेल्डिंग करायचं असेल तर टाकी आधी दुसऱ्या जागी गेलेली हवी. पेट्रोल काढताना बॅटरीची तार सुटी, दार उघडं, आणि गॅसवर चालणारा पाणी तापवायचा बंब असलेल्या गॅरेजमध्ये हे काम अजिबात नको. त्याची ज्योत जमिनीलगत असते आणि वाफही जमिनीलगतच सरकत येते.

सगळं बसवून झालं की पहिल्यांदा टाकी पूर्ण भरू नये. वीस लिटर घालायचे, पंप चालवायचा, प्रत्येक जोडावर कोरडा टिशू फिरवायचा. मग पूर्ण भरायची, कारण वरच्या सीलची गळती अर्ध्या टाकीत दिसत नाही. गाडी उतारावर एकदा तोंड वर आणि एकदा तोंड खाली करून उभी करायची. खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून रात्रभर सोडायचं. मावसभावाच्या पुठ्ठ्यावर सकाळी आठ आण्याच्या नाण्याएवढा डाग होता. भरण्याच्या नळीची खालची क्लिप सैल होती. ती घट्ट करून पुन्हा एक रात्र नवा पुठ्ठा, आणि तो कोरडा निघाल्यावर त्याने मावशीला केबिनमध्ये बसवून दारं-खिडक्या बंद केल्या आणि विचारलं, "येतोय का गं वास?"